काशिनाथ, तुझं विमान आणि माझं खोकं

काशिनाथ,

काल तुझी शोकसभा झाली. खरेदी-विक्री संघाच्या गोदामात, म्हणजे जिथं तू चौदा महिने विमान जोडत बसला होतास तिथंच. आण्णासाहेब चाळीस मिनिटं बोलले. तू आकाशाला गवसणी घातलीस, असं ते तीनदा म्हणाले. तू असतास तर ती किती इंचाची होती हे विचारून घेतलं असतंस. तुझ्या विमानानं तालुक्यातल्या हजारो एकरांवर औषध फवारलं, असंही ते म्हणाले. ते विमान एकूण अकरा वेळा उडालं आणि त्यातून खाली पडलेली एकमेव वस्तू म्हणजे तुझी टोपी, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो, "काशिनाथ माझा मित्र होता" म्हणालो आणि खाली बसलो. माझा कंठ दाटून आला असं लोकांना वाटलं. एकानं पाण्याचा पेला पुढं केला. कंठ वगैरे काही दाटला नव्हता. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती लाउडस्पीकरवर सांगण्यासारखी नाही, एवढंच. म्हणून इथं लिहितो. पहिल्यापासून लिहितो. तू विसरला असशील म्हणून नाही. डेपोत तू जी हकीकत सांगत फिरायचास तिच्यात बऱ्याच दुरुस्त्या करायच्या राहिल्या आहेत म्हणून.

विमान आलं ते दुष्काळामुळं आणि सहकारामुळं. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी संघाचे चेअरमन म्हणून आण्णासाहेब परदेशात अभ्यासदौऱ्यावर गेले. तिकडचा सहकार कसा चालतो याचा त्यांनी सतरा दिवस अभ्यास केला आणि परत आल्यावर सत्काराच्या सभेत दोन निष्कर्ष सांगितले. एक, तिकडच्या गाई अंगानं मोठ्या असतात. दोन, तिकडचा शेतकरी गोठ्यात बसून स्वतःचं विमान स्वतः जोडतो आणि त्यातून पिकावर औषध मारतो. असं एक विमान आपल्याही संघानं मागवावं, हा ठराव एकमतानं मंजूर झाला. ठराव वाचत असतानाच चहा आला होता.

तीन मोठी लाकडी खोकी जहाजानं, रेल्वेनं आणि शेवटी बैलगाडीनं उमरग्याला पोचली तोवर दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं आणि औषध मारायला शेतात पीक उरलं नव्हतं. मग विमानातून ढगांत मीठ टाकून पाऊस पाडायचा असं ठरलं. ढगही नव्हते. शेवटी खोकी गोदामाच्या कोपऱ्यात सरकवली आणि वॉचमननं त्यांतल्या एकावर अंथरूण टाकलं.

तू विमानदलात बारा वर्षं फिटर होतास. सुट्टीच्या दिवशी तिथं उडायलाही शिकलास, लायसन्स काढलंस, आणि मग गावी येऊन एसटीच्या डेपोत लागलास. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून तिचं काय दुखतंय ते तू बसल्या जागी सांगायचास. त्या दिवशी तू गोदामाचं शटर दुरुस्त करायला गेलास आणि खोक्यावरचा मजकूर वाचलास. तिथून थेट माझ्या शाळेत. मी दहावीच्या वर्गावर इंग्रजी शिकवत होतो. तू खिडकीत उभा.

"मास्तर, भायेर ये."

"तास चालू आहे."

"सोड त्यांला. संघाच्या गोदामात विमान हाय."

"कुणाचं?"

"आपलं."

त्या 'आपलं' शब्दातच मी सावध व्हायला हवं होतं.

आण्णासाहेबांनी परवानगी दिली, कारण पडलेल्या खोक्यांबद्दल वार्षिक सभेत लोक विचारायला लागले होते. काम असं वाटून घेतलं: जोडायचं तू, आणि जोडणीचं इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचायचं मी. तुला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. तुझे दोन्ही हात गुंतलेले असायचे. मी स्टुलावर बसून एकेक वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं, आणि तू "हं" म्हणून ते करायचंस. पहिले काही दिवस तू माझ्या खांद्यावरून पुस्तकात डोकावून खात्री करायचास. नंतर तेही सोडलंस. मी वाचलं की ते खरं. चौदा महिन्यांत ही सवय आपल्या दोघांच्या इतकी अंगात मुरली की तू एकदा वहिनींच्या हातचं औषधही बाटलीवरचं लेबल माझ्याकडून वाचून घेतल्यावर प्यालास.

पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की दोन माणसांना एका उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम सहज जमेल. शेजारी हसऱ्या नवराबायकोचा फोटो होता. पहिल्या उन्हाळ्यात आपली बोल्टांची यादी वाचून झाली. तू म्हणालास, "तिकडं उन्हाळा थंड आसतो, काम उरकतं."

पंखांवर कापड ताणायची वेळ आली तेव्हा पुस्तकाचं आणि माझं डोकं चालेना. कापड चिकटवायचं आणि अमुक इतक्या उष्णतेची इस्त्री फिरवून ताणायचं, असं लिहिलं होतं. जास्त तापली तर कापड वितळणार, कमी तापली तर पंखाला सुरकुत्या राहणार. इस्त्रीची उष्णता मोजायची कशी, यावर आपण दोन दिवस वाद घातला. तिसऱ्या दिवशी सुभद्रावहिनी तुझा डबा घेऊन आल्या. त्यांनी कापड दोन बोटांत धरून चोळलं.

"हे टेरिलीन हाय की," त्या म्हणाल्या. "तुमच्या लग्नातला शर्ट म्या असाच जाळला न्हाय का?"

त्यांनी घरून कोळशाची इस्त्री आणली, बोट ओलं करून तिला लावलं, आवाज ऐकला, जरा थांबल्या, आणि चार दिवसांत दोन्ही पंख असे ताणून दिले की टिचकी मारली की हलगीसारखे वाजायचे. आण्णासाहेब काल म्हणाले की परदेशी तंत्रज्ञान तू एकट्यानं आत्मसात केलंस. वहिनी पुढच्याच रांगेत होत्या.

पंखा लाकडी होता, समोरचा, फिरणारा. त्याची दोन्ही पाती सारख्या वजनाची हवीत म्हणून तू तो माझ्या दाढीच्या दोन ब्लेडांवर आडवा तोलून धरलास. एक पातं केसभर वर राहायचं. तू त्याला वॉर्निशचा एक हात द्यायचास, वाळू द्यायचास, पुन्हा तोलायचास. आठ दिवस हे चाललं. मी कंटाळून म्हणालो की एवढ्यानं काय बिघडतं. तू म्हणालास, "मास्तर, जमिनीवर केसभर आसलेलं वर गेल्यावर हातभर होतं." इंजिनाचा प्लग काढून त्याचा रंग बघायचास. पुस्तकात 'फिकट तपकिरी' असं लिहिलं होतं. तपकिरी कोणता, यावर आपला वाद झाला तो अजून मिटलेला नाही. मी बिस्किटाचा म्हणत होतो, तू वहिनींच्या चहाचा. इंजिन तुझ्या रंगावर चाललं. पण त्यावरून मी चूक ठरत नाही, हे मी आजही म्हणतो.

आणि तो दुसरा वाद. टँकर आला की गावात हंड्यांची रांग लागायची. तुमच्या वस्तीवर तो सगळ्यांत शेवटी यायचा आणि कधीकधी यायचाच नाही. मी एकदा म्हणालो की लोक पाण्यासाठी रांगेत उभे आहेत आणि आपण इथं विमानाला वॉर्निश देतोय, हे बरं दिसत नाही. तू ब्रश खाली ठेवलास. "मास्तर, विमान न बनवल्यानं पाणी येणार आसंल तर सांग. आत्ता बंद करतो." मी वॉर्निशचा डबा तुझ्याकडं सरकवला. तू ब्रश उचललास.

उडवायला जागा हवी होती. ती दुष्काळानं दिली. दुष्काळी कामावर बांधलेला पाझर तलाव गावाबाहेर होता, त्याला भरायची संधी अजून मिळाली नव्हती. त्याचा तळ सपाट, लांब आणि भेगाळलेला. कामावरच्या बायकांनी भेगांत मुरूम भरून तुला धावपट्टी करून दिली. त्यांतली एक मला म्हणाली, "तळ्यात पाणी सोडणं होईना म्हणून विमान सोडताव व्हय, गुरुजी?" सगळा तालुका आभाळाकडं डोळे लावून पाऊस पाड म्हणत होता, आणि तू एकटा मनातल्या मनात म्हणत होतास की पंधरा दिवस दम धर.

आण्णासाहेबांनी उद्‌घाटनाची तारीख परस्पर ठरवली. रविवार, सकाळी अकरा, पाहुणे म्हणून मंत्री. आण्णासाहेब विमान बघायला आले तेव्हा शिडी चढल्यासारखा पाय टाकून आत डोकावले.

"शीट एकच?"

"एकच, आण्णा."

"इतक्या लांबून मागवलं आन् एकच मानूस? मग पाव्हणे कुठं बसणार? मी कुठं बसणार?"

"तुमी खाली उभं ऱ्हाऊन हात दावा. वरून म्या बघतो."

त्यांना ते पटलं नाही, पण नारळ कुठं फोडायचा हा अधिक मोठा प्रश्न निघाला. त्यांना तो पंख्यावर फोडायचा होता. तू हात जोडलेस. "नारळ फोडा, पूजा करा, माझी कायबी तकरार न्हाय. पर पंख्यावर न्हाय. लाकूड हाय ते." शेवटी चाकाखाली एक दगड ठेवायचा आणि त्यावर फोडायचा, असा तोडगा निघाला. तुझ्या घरी पूजा नव्हती, बुद्धवंदना होती. ती तुझ्या आईनं सकाळी येऊन म्हटली आणि ती चालली असताना आण्णासाहेबांनी पादत्राणं काढली होती, हे मी नमूद करतो. माणूस सगळाच भाषणाचा नव्हता.

मुंबईहून परवानगीचं पत्र आलं. त्यात एकच अट: विमान उडण्याआधी तोलावं, आणि तिन्ही चाकांखालचं वजन वेगवेगळं लिहून पाठवावं. दोन चाकं पुढं, एक लहान चाक शेपटाखाली. तू विमानात बसायचं, विमान सपाट धरायचं, आणि तीन आकड्यांवरून त्याचा तोल नेमका कुठं आहे ते काढायचं. तू मला समजावून सांगितलंस. शेपूट जड झालं तर विमान वर तोंड करून खाली येतं. नाक जड झालं तर उतरताना तोंड वर येत नाही आणि चाकांच्या आधी माणूस टेकतो. मधे जी जागा उरते ती चार-पाच बोटांची.

तीन काटे लागणार होते. एक संघाचा, ज्यावर शेतकऱ्यांकडून तूर घेतात. एक रेशन दुकानाचा. आणि तिसरा आमच्या शिक्षक ग्राहक भांडाराचा, ज्याचा मी मानद सचिव होतो. तिन्हींवर सरकारी शिक्के होते. तू आधी तुरीचं एकच पोतं तिन्ही काट्यांवर तोललंस. संघाच्या काट्यावर अठ्ठेचाळीस किलो. रेशनच्या काट्यावर बावन्न. माझ्या काट्यावर पन्नास.

तू खाली बसून हसलास. "संघ घेतो, म्हणून कमी दावतो. रेशनवाला देतो, म्हणून जास्त दावतो. मास्तरचा मधी हाय. मास्तरचा काटा खरा. बाकी दोगांचा फरक गणितात धरू."

काटा खराच होता. त्या आठवड्यात गावभर माझं नाव झालं. संघाचा कारकून माझ्याकडं तोंड वाकडं करून बघायला लागला, आणि मी, जो पंधरा वर्षं सहकाराच्या ढोंगावर स्टाफरूममध्ये व्याख्यानं देत होतो, तो छाती काढून चालायला लागलो. भांडाराला दोन वर्षं लागोपाठ जिल्ह्याची ढाल मिळाली होती, धान्यात एक किलोचीही तूट नाही म्हणून. ढालींना मी नेहमी हसायचो. ती मात्र मी माझ्या खुर्चीमागं भिंतीला लावली होती.

शेपूट सपाट उचलून धरायला काट्यावर काहीतरी उंच ठेवायला हवं होतं. भांडारात धान्य ज्या लाकडी खोक्यात घालून तोलायचो ते नेमकं त्या उंचीचं होतं. काट्याबरोबर मी तेही आणलं होतं. तू शेपूट खोक्यावर टेकवलंस, विमानात जाऊन बसलास, आणि आतून विचारलंस:

"खोक्याचं किती धरू?"

खोक्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं. मी वाचलं.

"तीन किलो."

"हं," तू म्हणालास.

आता ऐक. त्याच्या दोन वर्षं आधी त्या खोक्याची फळी निघाली म्हणून ते सुताराकडं नेलं होतं. बुडाला दोन फळ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये लोखंडी पट्टी. मी ती हातात घेतली, घरी स्वयंपाकघरातल्या तराजूत टाकली. सव्वा किलो. म्हणजे खोकं सव्वाचार किलोचं, वर लिहिलेलं तीन. प्रत्येक सभासदाला दर तोलाला सव्वा किलो धान्य कमी. भांडारातल्या विक्रेत्याला मी जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, उंदरं खात्यात, पोती गळत्यात. तूट कुठून भरायची? तुमी सांगा, तसं करतो." मी "हं" म्हणालो. हं म्हणजे हो नव्हे. पण पट्टी आत गेली, फळी ठोकली गेली, आणि पुढच्या वर्षी ढाल आली.

तू गणित केलंस. शेपूट सव्वा किलोनं जास्त जड निघालं, कारण तो सव्वा किलो शेपटाचा नव्हताच, माझ्या भांडाराचा होता. तोल फार मागं आहे, असं तुझ्या कागदावर आलं. तू दुसऱ्याच दिवशी नाकात चार किलो शिसं बोल्टांनी बसवलंस. मला बोल्ट धरायला दिलास. मी धरला.

तीन दिवस मी ते घेऊन फिरलो. वर्गात व्याकरण शिकवताना माझ्या डोळ्यांपुढं नाक जड असलेलं विमान तलावाच्या तळावर उतरत होतं. तुला सांगायचं म्हणजे ढाल, काटा, गावभर झालेलं नाव, आणि त्याहून जड म्हणजे तुझ्यासमोर स्टुलावर बसून वाचणारा मी, सगळंच जाणार होतं. चौथ्या दिवशी सकाळी मी गोदामात आलो. तू इंजिनाच्या तारा घट्ट करत होतास. मी वाटेत वाक्य तयार केलं होतं. शिक्षकाचं वाक्य, पूर्ण, कर्ता-कर्म-क्रियापदासकट.

"काशिनाथ, ते खोकं लाकडाचं आहे. लाकूड दमट झालं असेल तर वजन वाढतं. एकदा रिकामं तोलून बघू या."

तू पकड खाली ठेवलीस. वर बघितलंस. गोदामाच्या पत्र्याच्या भोकांतून ऊन सरळ खाली येत होतं. तिसरं वर्ष कोरडं. विहिरींच्या तळाला चप्पल दिसायची. मग तू माझ्याकडं बघितलंस आणि खोकं काट्यावर ठेवलंस. सव्वाचार. तू ते उलटं केलंस, पटाशीनं फळी उचकटलीस, पट्टी काढून माझ्या हातात दिलीस.

"तुला ठाऊक होतं, मास्तर?"

"नाही."

"बरं," तू म्हणालास आणि नाकातलं शिसं काढायला लागलास. बोल्ट सोडायला मला हात लावू दिला नाहीस.

त्या दिवसापासून मी काहीही वाचलं की तू ते पुस्तक माझ्या हातून घेऊन एकदा स्वतः बघायचास. मला ते बोचायचं, आणि बोचतंय असं म्हणायचीही सोय नव्हती.

पुढं पट्टीशिवाय भांडार चाललं तेव्हा पहिल्याच वर्षी तूट आली. ढाल दुसऱ्या तालुक्यात गेली आणि वार्षिक सभेत सभासदांनी मला चोर म्हणून सचिवपदावरून काढलं. पट्टी होती तोवर मी आदर्श होतो. सभेतून तू मला सायकलवर डबलसीट घरी आणलंस आणि वाटभर हसत होतास.

रविवारचं मी थोडक्यात आटपतो, काल आण्णासाहेबांनी ते पुरेसं लांबवलं. अकराचे पाहुणे चारला आले. तोवर वारा सुटला होता. तू कापडी पट्टी बांधलेल्या काठीकडं बोट दाखवून म्हणालास की आज उडणार नाही. आण्णासाहेब तुझ्या कानाशी आले. "आरं, वर कोन जा म्हनतंय? जरासं उचल आन् ठिव." तू नाही म्हणालास. मंत्र्यांपुढं, मांडवापुढं, तीन हजार माणसांपुढं. माझ्यासारख्यानं उचललं असतं. तू इंजिन सुरू करून धावपट्टीवरून दोन फेऱ्या मारल्यास, धूळ मांडवात गेली, टाळ्या झाल्या, नारळ फुटला आणि विमानाचं यशस्वी उड्डाण झालं असं छापून आलं. मांडवाजवळ कोनशिला बसली. तिच्यावर उड्डाणाची तारीख तीच आहे.

खरं उड्डाण मंगळवारी सकाळी झालं, वारा पडलेला असताना. तू, वहिनी आणि मी. मी तपासणीची यादी वाचत होतो, तू एकेक गोष्ट हलवून "हाय" म्हणत होतास. पेट्रोल. हाय. पट्टा. हाय. शेपटाची तार. हाय. यादी संपली. पंखा फिरवायला मी पुढं आलो तेव्हा तू चष्मा वर केलास.

"मास्तर, खरंच ठाऊक नव्हतं तुला?"

"नव्हतं म्हटलं ना."

"बरं. फिरीव."

विमान बाभळीच्या उंचीला गेलं, मग बांधाच्या, मग त्याहून वर. वहिनींनी पदर तोंडाशी धरला होता. तू तलावाला एक मोठी फेरी घातलीस, टोपी गमावलीस, आणि उतरलास. आधी चाकं टेकली. नाक वर होतं. मी ते नाकच बघत होतो, बाकी काही बघितलं असं मला आठवत नाही.

त्यानंतर चार वर्षं तू मला ते विचारत राहिलास. चहा पिताना, बाजारात भाजी घेताना, एकदा तर माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता हातात असताना. आवाजात राग कधीच नसायचा. मी दर वेळी नाही म्हणायचो आणि तू दर वेळी बरं म्हणायचास. मला वाटायचं, तू मला टोचतोयस. शेवटी दवाखान्यात तुला बोलायला त्रास होत होता तेव्हा तू माझ्याकडं बघून नुसत्या भुवया उचलल्यास. मी म्हणालो, पड गुमान.

काल सभा संपल्यावर वहिनी माझ्याजवळ आल्या.

"भाऊजी, तुमी बोलला न्हाय. त्यांनी लई वाट बघितली."

"कसली?"

"त्या खोक्याची. त्याच दिवशी घरी आले, हसून हसून खोकला लागला त्यांला. म्हनले, तीन वरसं टिपूस न्हाय आन् मास्तरचं खोकं दमट झालं."

मी विचारलं, ठाऊक होतं तर मग विचारत का राहिला?

"म्हनायचे, त्यानं सांगितल्याबिगर म्या कसं म्हनू, की तू आला म्हणून मी वाचलो."

काशिनाथ, मला ठाऊक होतं. पट्टी मी माझ्या हातानं तोलली होती. तीन किलो हा आकडा मी तुला वाचून दाखवला तेव्हा तो खोटा आहे हे मला माहीत होतं. शिशाचा बोल्ट मी धरला आणि तीन दिवस गप्प बसलो. चौथ्या दिवशी आलो तेव्हा विमान निदान जमिनीवर तरी होतं. या वेळी मला उशीर झाला.